ढवळायचं नाही

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पीच कॉबलर नावाचा एक गोड पदार्थ घरोघरी होतो. जॉर्जियात तो रविवारच्या जेवणानंतर येतो, टेक्ससमध्ये बार्बेक्यूनंतर, आणि तिथल्या कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांत सणावाराचं जेवण त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही. त्याच्या तऱ्हा अनेक आहेत. त्यातली सगळ्यांत सोपी तऱ्हा, डबाबंद पीचची, एका दमात सांगून होते.

ओव्हन १७५ अंश सेल्सियसला तापवा. खोलगट ट्रेमध्ये ११३ ग्रॅम बटर घालून तो आत ठेवा आणि बटर वितळू द्या. तेवढ्यात एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र करून सरसरीत पीठ भिजवा. ते वितळलेल्या बटरवर ओता. त्यावर डब्यातल्या पीचच्या फोडी पसरा, वरून थोडा पाक घाला आणि ट्रे पुन्हा ओव्हनमध्ये सरकवा. अट एकच: ढवळायचं नाही.

चाळीस-पन्नास मिनिटांनी ट्रे बाहेर काढावा तर आतली उतरंड पालटलेली असते. आत ठेवताना सगळ्यांत खाली बटर होतं, त्यावर पीठ, त्यावर फळं. आता वर सोनेरी, कडेला खुसखुशीत झालेलं जाड आवरण असतं आणि फळं त्याच्याखाली दाटसर पाकात गेलेली असतात. कुणी काही उलटवलेलं नाही, चमचाही लावलेला नाही. पाच मिनिटांच्या कामातून हे घडतं कसं, हे शोधायला लागलं की एका ट्रेमागे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि दोनशे वर्षांचा इतिहास उभा असलेला दिसतो.

काचेतून पाहताना

ओव्हनचा दिवा लावून दाराच्या काचेतून पाहत बसावं, इतकं हे दृश्य बघण्यासारखं आहे. पीठ ओतताच बटर हलकं असल्यामुळे कडांकडे सरकतं आणि पिठाभोवती त्याची पिवळी झालर तयार होते. पिठात साखर विरघळलेली असल्यामुळे ते सुरुवातीला फळापेक्षा थोडं जडच असतं. म्हणून पीचच्या फोडी त्यात अर्धवट बुडून, पाठी वर काढून पडलेल्या दिसतात. पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही.

मग कडेला हालचाल सुरू होते. ट्रेची भिंत सगळ्यांत आधी तापते, तिथलं बटर चुरचुरायला लागतं, कडेचं पीठ फुगतं. हळूहळू मधल्या भागातही बुडबुडे येतात. दोन फोडींच्या फटीतून पिठाचा एखादा फुगवटा वर डोकावतो, पसरतो आणि शेजारच्या फोडीच्या पाठीवर चढतो. पलीकडून दुसरा येतो. दोन्ही एकमेकांना मिळतात आणि ती फोड दिसेनाशी होते. अर्ध्या तासात जवळजवळ सगळ्या फोडी झाकल्या जातात, एखाददुसरं केशरी टोक तेवढं बाहेर राहतं.

फळ तळाशी बुडालं असं आपल्याला वाटतं, पण फळ फारसं हललेलंच नसतं. पीठ फुगून त्याच्या वर चढलेलं असतं. बुडबुडे धरले की पिठाचं आकारमान वाढतं, त्याची घनता फळाच्या घनतेखाली जाते आणि पातळ असल्यामुळे ते मिळेल त्या फटीतून वर वाट काढतं. फळाच्या फोडी घट्ट आणि रसाने भरलेल्या असतात. त्या जागच्या जागी राहतात आणि पीठ त्यांना ओलांडून जातं.

यात वेळ साधणं फार महत्त्वाचं आहे. पीठ वर पोचायच्या आत शिजून घट्ट झालं, तर ते फळांखालीच अडकेल. इथे साखर कामाला येते. मैद्यातला स्टार्च नुसत्या पाण्यात साठ अंशांच्या आसपास पाणी शोषून फुगायला लागतो आणि मिश्रण आळतं. पण या पिठात मैद्यापेक्षा साखरेचं वजन जास्त आहे: कपभर मैदा साधारण १२५ ग्रॅम, कपभर साखर २००. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे स्टार्चला ते सहजी मिळत नाही आणि आळण्याचं तापमान पुष्कळ वर, ऐंशी अंशांच्या आसपास जातं. तेवढा वेळ पीठ वाहतं राहतं आणि त्याला चढायला अवधी मिळतो. म्हणून साखर निम्मी केली की पदार्थ कमी गोड होतो एवढंच घडत नाही, पीठ लवकर धरतं आणि नीट वर येत नाही.

ढवळायचं का नाही, तेही इथेच कळतं. ढवळलं तर पाक पिठात मिसळून ते आणखी पातळ होतं, बटर सगळीकडे विखुरतं, फोडी पिठात लडबडतात आणि ओलसर, गिच्च केक हाती येतो. थर वेगळे राहिले तर प्रत्येक थराला आपलं काम करता येतं. कडेचं पीठ बटरमध्ये अक्षरशः तळलं जातं. तळाशी पाक आणि थोडंसं पीठ मिळून दाट रस होतो. वरचा पृष्ठभाग कोरडा पडला की त्याचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे जातं आणि तिथे दुधातली प्रथिनं व शर्करा यांच्यातली ती अभिक्रिया सुरू होते, जिचं वर्णन फ्रेंच संशोधक लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केलं. सोनेरी रंग आणि भाजका वास तिचा. आतला ओला भाग मात्र शंभर अंशांच्या वर जातच नाही. एकाच ट्रेमध्ये तळणं, उकडणं आणि भाजणं शेजारी शेजारी चाललेलं असतं.

दोन चमचे पांढरी पूड

पीठ वर उचलणारी शक्ती येते दोन चमचे बेकिंग पावडरमधून. ती किती असते, याचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. दोन छोटे चमचे म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम. चांगल्या बेकिंग पावडरमधून तिच्या वजनाच्या साधारण बारा टक्के कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे एक ग्रॅमहून किंचित जास्त. एवढ्या वायूला साध्या तापमानाला सहाशे मिलिलिटर जागा लागते. आणि आपलं सगळं भिजवलेलं पीठ जेमतेम साडेचारशे मिलिलिटर असतं! पिठाच्या स्वतःच्या आकारमानापेक्षा जास्त वायू त्या दोन चमच्यांत बंद असतो. त्यातला बराचसा निसटून जातो. जो अडकतो तो तापून आणखी फुगतो, वाफही त्याच्या मदतीला येते, आणि तेवढ्यावर पीठ फळांच्या डोक्यावर जाऊन बसतं.

ही पूड म्हणजे खायचा सोडा, कोरड्या रूपातलं एखादं आम्ल आणि दोघांना ओलाव्यापासून दूर ठेवायला मक्याचा स्टार्च. ओलावा मिळाला की सोडा आणि आम्ल भेटतात आणि वायू सुटतो. आजच्या बहुतेक पावडरींत दोन आम्लं असतात. एक ओलं होताच काम करतं, दुसरं उष्णता लागेपर्यंत थांबतं. कॉबलरला हे दुसरं आम्ल फार उपयोगी, कारण पीठ भिजवताना सगळा वायू सुटून गेला असता तर ओव्हनमध्ये उचलायला काही उरलंच नसतं.

हे दोघं एका डब्यात गुण्यागोविंदाने राहू शकतात, हा शोध तसा अलीकडचा. त्याआधी पीठ हलकं करायचं तर यीस्ट घालून तासन्‌तास थांबायचं, नाहीतर हात भरून येईपर्यंत अंडी फेटायची. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये आपल्या पत्नीसाठी अशी पूड बनवली. तिला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. अमेरिकेत हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एबेन हॉर्सफर्ड यांनी हाडांपासून कॅल्शियमचं आम्लधर्मी फॉस्फेट तयार करून १८५६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे या रसायनातून मोठा उद्योग उभा राहिला. गृहिणीच्या हातचं तासांचं काम मिनिटांवर आलं, ते या दोघांसारख्या माणसांमुळे.

उकळूनही न विरघळणारं फळ

पीच हे फळ मुळातलं चीनचं. तिथल्या झेजियांग प्रांतात उत्खननात मिळालेल्या पीचच्या कोयी सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या आहेत. तिथून ते इराणमार्गे युरोपात गेलं आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर फ्लोरिडात उतरलं. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी ते इतकं आपलंसं केलं, इतक्या दूरवर लावलं, की नंतर आलेल्या काही इंग्रज वसाहतवाल्यांना ते तिथलंच फळ वाटलं.

पीचच्या दोन जाती पडतात. एकीत पिकल्यावर गर कोयीपासून अलगद सुटतो, दुसरीत तो कोयीला घट्ट चिकटून राहतो. जॉर्जियाला पीचचं राज्य म्हणून नाव मिळवून दिलं ते सुट्या कोयीच्या एल्बर्टा या वाणाने. मार्शलव्हिलचे बागायतदार सॅम्युएल रम्फ यांनी १८७०च्या दशकात तो वाढवला आणि त्याला आपल्या पत्नीचं, क्लॅरा एल्बर्टाचं नाव दिलं. जॉर्जियात १९२४ साली स्थापन झालेल्या एका जिल्ह्याचं नावच पीच काउंटी आहे.

डब्यात मात्र बहुतेक वेळा जातो तो दुसरा, चिकट कोयीचा पीच. त्याची गोष्ट आणखी विलक्षण. फळ पिकताना मऊ का पडतं? पेशींना पेशी सांधणारं पेक्टिन, ज्याच्यामुळे आपला जॅम आळतो तेच, पिकणाऱ्या फळातलं एक विकर तोडत जातं. सांधे सुटले की गर लोण्यासारखा मऊ होतो. डब्यासाठी लावल्या जाणाऱ्या वाणांत हे विकर तयार करणारं जनुकच गायब असतं किंवा निकामी असतं. म्हणून ही फळं झाडावर पूर्ण पिकतात, पिवळीधमक होतात, गोडी आणि वास पुरेपूर धरतात, पण गर टणकच राहतो. डब्यात ती उकळली जातात, मग महिनोन्‌महिने पाकात पडून राहतात, नंतर पाऊण तास ओव्हनमध्ये तापतात आणि तरीही फोडीची धार शाबूत असते. ताज्या खाण्याच्या पीचची एवढ्यात लापशी झाली असती.

रंगाचीही अशीच निवड झालेली आहे. बऱ्याच पीचमध्ये कोयीभोवती लाल छटा असते. ताज्या फळात ती देखणी दिसते, पण डब्यात उष्णतेने आणि धातूच्या संगतीत ती जांभळट-तपकिरी होते. म्हणून डब्याच्या वाणांत पिढ्यान्‌पिढ्या अशी झाडं निवडली गेली, ज्यांचा गर कोयीपर्यंत निखळ पिवळा असतो.

आणि वास! पीचचा ओळखीचा वास मुख्यतः लॅक्टोन या गटातल्या संयुगांचा असतो, त्यातही गॅमा-डेकालॅक्टोनचा. बटर तापवलं की जो मोहक, सायीसारखा वास येतो, त्यातही याच गटातली संयुगं असतात. डेल्टा-डेकालॅक्टोन हे त्यांतलं एक. एक वास झाडावर तयार झाला, दुसरा दुधात, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघे जवळचे नातलग निघाले. शिवाय लॅक्टोन स्निग्ध पदार्थात सहज विरघळतात, त्यामुळे ट्रेमधलं बटर फळाचा वास धरून ठेवतं. पीच आणि बटर यांची जोडी जिभेला इतकी जुळलेली का वाटते, याचं निदान एक कारण तरी हे आहे.

अमेरिकेत पिकणारे डब्याचे पीच जवळजवळ सगळे कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातून येतात. तिथल्या युबा सिटी या गावाभोवतीच्या बागांमध्ये पंजाबातून गेलेल्या शीख शेतकऱ्यांचा मोठा वाटा आहे. १९५८ मध्ये तिथे पोचलेले दीदारसिंग बैंस पुढे इतके मोठे बागायतदार झाले की त्यांना ‘पीच किंग’ म्हणत. दर नोव्हेंबरमध्ये या गावात निघणाऱ्या नगरकीर्तनाला दूरदूरहून शीख जमतात. जॉर्जियातल्या आजीच्या कॉबलरमधली फोड पंजाबी शेतकऱ्याच्या बागेतून आलेली असणं यात काहीच अशक्य नाही.

डब्याच्या आत

बागेतून आलेलं फळ आधी कोयीपासून सोडवावं लागतं. त्यासाठी यंत्र फळाला मधोमध चीर देतं, दोन्ही अर्धी पकडतं आणि उलट दिशांना पिळतं. सालीसाठी त्याहून अजब युक्ती आहे. अर्ध्या फोडी पालथ्या घालून त्यांवर कॉस्टिक सोड्याचं गरम, पातळ द्रावण फवारतात. सालीखालचं पेक्टिन क्षणात विरघळतं आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली साल निघून जाते. खालच्या गरावर सुरीची एक खूणही राहत नाही. म्हणूनच डब्यातली फोड इतकी गुळगुळीत असते.

मग फोडी आणि पाक भरून डबा बंद होतो. दाट पाकाच्या डब्यात शंभर ग्रॅम पाकामागे साधारण १८ ते २२ ग्रॅम साखर असते. झाकण बसतं ते डिंकाने किंवा डाग देऊन नव्हे. झाकणाची कड आणि डब्याची कड एकमेकींत दुमडून दाबतात, मध्ये रबरासारख्या पदार्थाचा पातळ थर असतो. डब्याच्या काठावरून बोट फिरवलं की जी उंच कड लागते, तिच्यात पत्र्याचे पाच पदर असतात. जंतूंना आत शिरायला तिथे फटच उरत नाही.

बंद डबा उकळत्या पाण्याच्या तापमानाला तापवतात, आणि पीचला तेवढं पुरतं. मटाराचा किंवा मांसाचा डबा १२१ अंशांच्या आसपास, दाबाखाली तापवावा लागतो. कारण बॉट्युलिझमचं घातक विष तयार करणाऱ्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. पण आम्लता पुरेशी असेल, पीएच ४.६ च्या खाली असेल, तर ते बीजाणू अंकुरतच नाहीत. पीचचा पीएच साधारण ३.३ ते ४ असतो. फळाची स्वतःची आंबटगोड चवच त्याची राखण करते. कोकणातला हापूसचा रस डब्यात वर्षभर टिकतो, त्यामागेही हीच आम्लता आहे.

आता डब्याची आतली बाजू पाहा. अनेक डब्यांना आतून रोगण लावलेलं असतं, पण पीच, नाशपाती, अननस यांसारख्या फिक्या फळांचे डबे बऱ्याचदा आतून नुसत्या कथलाचेच ठेवतात. कथील म्हणजे आपल्या पितळी भांड्यांच्या कल्हईचाच धातू. पाकातलं आम्ल आणि डब्यात उरलेला थोडासा प्राणवायू कथलावर काम करतात आणि ते अगदी हळूहळू झिजतं. ते झिजतं म्हणून खालचं पोलाद वाचतं आणि प्राणवायू संपतो म्हणून फळाचा रंग उजळ राहतो. रोगण लावलेल्या डब्यात हीच फळं लवकर काळवंडतात. विरघळणारं कथील फार थोडं असतं, आणि अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं डबाबंद पदार्थांत ते किलोमागे २५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. पण डबा उघडला की ताजी हवा आत जाते आणि झीज झपाट्याने वाढते. म्हणून उरलेल्या फोडी डब्यात ठेवू नयेत, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

अन्न बंद करून उकळलं की टिकतं, हे प्रथम पद्धतशीरपणे दाखवलं निकोला अपेर या फ्रेंच हलवायाने. वर्षानुवर्षं काचेच्या बाटल्यांत फळं, भाज्या, मांस भरून, बूच घट्ट लावून, उकळत्या पाण्यात ठेवून त्याने प्रयोग केले. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले, अट एवढीच की पद्धत छापून सर्वांना खुली करायची. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांनी पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि १८१३ पर्यंत लंडनमध्ये ब्रायन डाँकिन यांच्या कारखान्यातून डबे बाहेर पडू लागले. उघडायला छिन्नी-हातोडी लागे. डबा उघडण्याची खास हत्यारं आली ती १८५०च्या दशकात. अन्न का टिकतं, याचं उत्तर मात्र अपेरकडे नव्हतं. जंतूंचं काम लुई पाश्चर यांनी उलगडलं ते सुमारे अर्ध्या शतकानंतर. हलवायाच्या हाताला जे कळलं होतं, ते विज्ञानाला समजायला तेवढा काळ जावा लागला.

भट्टी नसलेल्यांचा पदार्थ

कॉबलरचा जन्म गैरसोयीतून झाला. इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांकडे ‘पाय’ हा पिठाच्या आवरणात फळं भरलेला त्यांचा पदार्थ भाजायला लागणारी भट्टी आणि साहित्य हाताशी नसे. मग शेगडीवरच्या भांड्यात फळं शिजवायची, वर पिठाचे जाडेभरडे तुकडे पसरायचे आणि झाकण ठेवायचं. झाकणाला कड असलेलं जाड बिडाचं भांडं मिळालं की निखारे खाली आणि झाकणावरही ठेवता येत, वरूनही भाजलं जाई. पुढे टेक्ससमध्ये गुरांचे कळप हाकणाऱ्यांबरोबर चार्ल्स गुडनाइट यांनी १८६६ मध्ये तयार केलेली स्वयंपाकाची गाडी जाऊ लागली. तिच्यावर ताजं फळ टिकणं शक्यच नव्हतं. पण पत्र्याचा डबा आणि बिडाचं भांडं दोन्ही धक्के खाऊन टिकत.

१८३९ मध्ये केंटकीतल्या लेटिस ब्रायन यांनी लिहिलेल्या पाकपुस्तकात पीच कॉबलरची कृती आहे. ती वाचताना थबकायला होतं, कारण बाईंनी त्यासाठी चिकट कोयीचेच, चांगले पिकलेले पीच घ्यायला सांगितलं आहे. जनुकाची कल्पनाही नसलेल्या काळात, शिजवल्यावर कुठली फोड आकार धरते हे त्यांना अनुभवाने ठाऊक असावं. पाहुण्यांपुढे मिरवण्याचा हा पदार्थ नाही, पण घरच्या माणसांसाठी उत्तम, असंही त्या नोंदवतात. जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही कॉबलरची जागा तीच आहे.

विसाव्या शतकात डबा, बेकिंग पावडर आणि नियंत्रित तापमानाचा ओव्हन हे तिन्ही एकाच स्वयंपाकघरात आले, आणि कृती आकसत आकसत तीन कपांवर आली. लुइझियानात घडणाऱ्या ‘स्टील मॅग्नोलियाज’ या रॉबर्ट हार्लिंग यांच्या १९८७ च्या नाटकात एक पात्र अशीच कृती सांगतं: कपभर मैदा, कपभर साखर, कपभर डब्यातलं मिश्र फळ पाकासकट. तोंडपाठ राहील अशी कृती ही त्या भागातल्या बायकांची सामाईक मालमत्ताच झाली होती.

आपल्या ओव्हनमध्ये

हे सगळं कळल्यावर कृतीत कुठे सवलत घ्यायची आणि कुठे नाही, ते आपोआप समजतं. अमेरिकेतला कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो. घरची वाटी लहान असेल तर तीच वाटी मैदा, साखर आणि दूध तिघांनाही वापरावी. प्रमाण टिकलं की पुरे. बटर आणि बेकिंग पावडर मात्र त्याच हिशोबात कमी करायची. आपल्याकडचं बटर खारट असेल तर वेगळं मीठ नको. पीच निथळलेले असावेत आणि पाक अर्ध्या कपाहून जास्त नको, कारण जादा पाण्याने पीठ धरत नाही. बेकिंग पावडरचा डबा जुना असेल तर आधी चमचाभर पूड गरम पाण्यात टाकून पाहावी. खळखळून फेस आला तर ती जिवंत आहे. नुसती विरघळली तर पीठ उचलायचा वायू केव्हाच उडून गेलाय.

ट्रे पुरेसा मोठा हवा, आणि खोलही, कारण पीठ किती चढतं ते आपण पाहिलं. झालं की नाही हे मधोमध ओळखावं. कडा आधी लाल होतात, पण मधला भाग हलवल्यावर डुचमळत असेल तर अजून दहा मिनिटं द्यावीत. बाहेर काढल्यावर वीसेक मिनिटं थांबावं. तेवढ्यात तळाचा रस आळतो आणि वाढताना पळत नाही.

पीच मिळाला नाही तर डब्यातला अननस चालतो. त्याच्या फोडीही उष्णतेत आकार धरतात. आंब्याचं कॉबलर करायचं असेल तर पूर्ण पिकलेला हापूस घेऊ नये. पिकताना त्याचंही पेक्टिन सैल झालेलं असतं आणि ओव्हनमध्ये त्याचा रस होतो. किंचित करकरीत असलेला, घट्ट गराचा आंबा घ्यावा. लेटिस ब्रायन यांनी पीचमध्ये जो गुण शोधला, तोच आपण आंब्यात शोधायचा.

या पदार्थात करणाऱ्याचं काम पाच मिनिटांचं उरलं, कारण बाकीचं काम आधीच होऊन गेलं होतं. चीनमधल्या कुणी अनामिक शेतकऱ्यांनी झाडं निवडली, फोडीचा आकार टिकवणारा वाण बागायतदारांनी जपला, जंतू म्हणजे काय हे माहीत नसताना एका हलवायाने बाटल्या उकळल्या, अंडी आणि यीस्ट न सोसणाऱ्या पत्नीसाठी एकाने पूड कालवली. अवघड भाग नाहीसा झाला नाही, तो वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या काळात उचलून पुढे दिला. सोपी कृती हातात आली की तिच्यातलं अवघड काम कुणी करून ठेवलं, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. आपल्या फळीवरच्या खायच्या सोड्याच्या पुडीला आणि आमरसाच्या डब्यालाही तो प्रश्न विचारता येतो, आणि त्यांच्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे.